दहा जणांची तुकडी आणि घनदाट जंगल : मलायातली बारा वर्षांची लढाई



चौथीच्या वर्गाला गनिमी कावा शिकवताना दरवर्षी एखादं तरी मूल विचारतंच, "बाई, पण मग समोरच्या सैन्याने काय करायचं?" प्रश्न अगदी रास्त आहे. उंबरखिंडीची लढाई (फेब्रुवारी १६६१) आपण शिवरायांच्या बाजूने शिकवतो आणि तशीच शिकवायला हवी. पण अरुंद वाटेत सापडलेल्या करतलबखानाच्या जागी नंतरच्या काळात जगातली कितीतरी मोठी सैन्यं येऊन बसली. जंगल अनोळखी, शत्रू दिसत नाही, गावकरी बोलत नाहीत आणि तोफांचा काही उपयोग नाही. त्यांनी काय केलं? त्यांपैकी एका लढाईची माहिती खूप तपशिलात लिहून ठेवलेली आहे. ती म्हणजे १९४८ ते १९६० या काळातली मलायाची लढाई. आजचा पाठ त्यावर आहे. लहान मुलांना यातलं थोडंच सांगायचं आहे, पण आपल्याला स्वतःला पूर्ण माहीत असलेलं बरं.

मलाया कुठे आहे?

नकाशात थायलंडच्या खाली जी लांबट जीभ समुद्रात उतरलेली दिसते, ते मलाया. तिच्या टोकाला सिंगापूर. आजच्या मलेशियाचा हा पश्चिमेकडचा भाग. त्या काळी देशाचा बहुतेक भाग जंगलाखाली होता. बारमाही पाऊस, उंच झाडं, खाली वेलींची आणि काटेरी वेताची गच्च जाळी. मधून मधून रबराचे मळे आणि कथिलाच्या खाणी. राज्य ब्रिटिशांचं. वस्ती मलय, चिनी आणि भारतीय लोकांची. यातले भारतीय म्हणजे मुख्यतः तमिळ मजूर, ज्यांना रबराच्या मळ्यांवर कामासाठी नेलं होतं.

डिसेंबर १९४१ मध्ये जपानने हल्ला केला. कडेचं जंगल ओलांडून कोणी येणार नाही अशी ब्रिटिशांची समजूत होती. जपानी सैनिक सायकलींवरून रस्त्याने आले, रस्ता अडला की जंगलातून वळसा घालून पाठीमागे निघाले आणि दोन महिन्यांच्या आत संपूर्ण द्वीपकल्प पार झालं. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं. तिथे कैद झालेल्या हजारो भारतीय सैनिकांमधूनच पुढे आझाद हिंद सेना उभी राहिली. हा धागा मुलांना लगेच पकडता येतो, कारण नेताजींचं नाव त्यांना माहीत असतं.

जपानी अमलात जंगलात राहून लढले ते मुख्यतः चिनी वंशाचे कम्युनिस्ट गनीम. त्यांना शस्त्रं आणि प्रशिक्षण देणारे ब्रिटिशच होते. त्यांच्यातल्या चिन पेंग नावाच्या तरुण पुढाऱ्याला तर युद्धानंतर ब्रिटिश सरकारने सन्मानपदकही जाहीर केलं. आणि तीनच वर्षांत हाच माणूस ब्रिटिशांविरुद्ध त्याच जंगलात पुन्हा शिरला, काही अंशी त्याच बंदुका घेऊन! १६ जून १९४८ ला पेराक राज्यात सुंगई सिपुट इथे तीन युरोपीय मळेवाले मारले गेले आणि दोनच दिवसांत देशभर आणीबाणी लागू झाली. 'युद्ध' हा शब्द मुद्दाम टाळला, असं म्हणतात. युद्ध म्हटलं असतं तर मळ्यांच्या आणि खाणींच्या नुकसानीचे पैसे लंडनच्या विमा कंपन्यांनी दिले नसते. म्हणून बारा वर्षं चाललेल्या या लढाईचं नाव आजही 'मलायाची आणीबाणी' असंच आहे.

आधी फसलेला उपाय

गनीम किती होते? ऐन भरात सात-आठ हजार. त्यांच्या विरुद्ध पुढे पुढे हजारो सैनिक, पोलीस आणि होमगार्ड उभे राहिले. मग इतकी वर्षं का लागली?

इथे सैन्यातले शब्द थोडे समजून घेऊ. दहाएक सैनिकांचा एक सेक्शन. तीन सेक्शन मिळून तीसेक जणांची प्लॅटून. तीन-चार प्लॅटूनची कंपनी आणि अशा काही कंपन्यांची बटालियन, म्हणजे सातशे-आठशे माणसं. (आपल्याकडे फौजी लोक 'आमची पलटण' म्हणतात ती म्हणजे बटालियन. इंग्रजी प्लॅटून आणि मराठी पलटण यांत गोंधळ करू नये. मुलं हमखास करतात.)

सुरुवातीला बऱ्याच सेनाधिकाऱ्यांना महायुद्धाची सवय होती. ते अख्खी बटालियन घेऊन जंगल विंचरायला निघायचे, हाकारे घालतात तसं. आता सातशे माणसं बूट घालून, वेली तोडत, सामान वाहत जंगलात शिरली तर काय होणार? पाखरं उडतात, माकडं ओरडतात, फांद्या मोडतात. शिवाय ट्रकांची रांग मळ्याजवळ थांबली की गावातून बातमी आत जातेच. गनिमांच्या तळावर पहारेकरी असत आणि पळून जायच्या वाटा आधीच ठरलेल्या असत. सैन्य पोहोचेपर्यंत चूल गार झालेली. रिकाम्या झोपड्या जाळायच्या आणि परत यायचं. असे महिनेच्या महिने गेले.

काही अधिकाऱ्यांना हे लवकर कळलं होतं. महायुद्धात जपान्यांच्या मागे जंगलात राहून लढलेले काही जण होते. त्यांच्या भरवशावर १९४८ मध्येच 'फेरेट फोर्स' नावाच्या छोट्या तुकड्या निघाल्या. फेरेट म्हणजे बिळात शिरून ससे बाहेर काढणारा मुंगसासारखा प्राणी. नाव अगदी चपखल होतं. त्या तुकड्या लवकरच मोडल्या गेल्या, पण त्यांची पद्धत टिकली आणि पुढे सगळ्या सैन्याने तीच उचलली.

लहान तुकडी चालते कशी?

या भागाला मी जास्त वेळ देते, कारण शाळेच्या मैदानावर यातलं पुष्कळ करून दाखवता येतं.

सेक्शन एका रांगेत चालतो. सर्वांत पुढे एक वाटाड्या सैनिक. त्याच्या हातात बहुधा हलकी बंदूक, कारण घनदाट जंगलात पंधरा-वीस पावलांपलीकडचं दिसतच नाही. लांब पल्ल्याची रायफल तिथे काय कामाची? त्याच्या मागे त्याला सांभाळणारा दुसरा. मग नकाशा आणि होकायंत्र घेतलेला म्होरक्या, मग मशीनगनवाला, वायरलेसवाला आणि शेवटी मागची वाट राखणारा. दोघांमधलं अंतर ठरावीक आकड्यात नसतं. पुढचा दिसत राहिला पाहिजे आणि एका गोळीबारात दोघे सापडता कामा नयेत, एवढंच पाहायचं. जंगल मोकळं झालं की अंतर वाढतं, गच्च झालं की कमी होतं. बोलणं नाही, सगळं हाताच्या खुणांनी. थोडं चालायचं, थांबायचं आणि ऐकायचं. तासाभरात एखादा किलोमीटर झाला तरी पुष्कळ.

वास हाही एक मुद्दा असतो. साबण, केसांचं तेल, सिगारेट यांचा वास जंगलात लांबवर जातो आणि तिथे महिनोन् महिने राहणाऱ्या माणसाला तो लगेच कळतो. त्यामुळे गस्तीवर जाताना सुवासिक काही लावायचं नाही. अंग सतत ओलं, पायाला जळवा, पाठीवर बऱ्याच दिवसांचा शिधा.

अचानक गोळी आली तर? हुकूम द्यायला वेळच नसतो. म्हणून पुढून गोळी आली तर कोणी काय करायचं, डावीकडून आली तर काय, आपल्याला गनीम आधी दिसला तर काय, हे सगळं आधीच ठरलेलं आणि शेकडो वेळा घोटलेलं असे. मुलांना सांगताना मी खो-खोचं उदाहरण देते. खो मिळाला की मूल विचार करत बसत नाही, उठून धावतं. ती सवय सरावाने येते. फरक एवढाच की इथे चुकलं तर गडी बाद होऊन बाहेर बसत नाही, मरतो.

अंधार पडायच्या आत तुकडी वाट सोडून आत शिरते आणि गोलाकार मुक्काम करते. मुक्कामाभोवती वेल किंवा दोरी बांधलेली असते, म्हणजे काळोखात पहारा बदलताना तिला धरून चालता येतं आणि आपलाच माणूस आपल्यावर गोळी झाडत नाही. संध्याकाळी उजेड जाताना आणि पहाटे उजेड येताना सगळे जण आपापल्या जागी तयार राहतात. हल्ल्याची भीती याच दोन वेळांना जास्त.

पुढच्या वर्षांत शोधत फिरण्यापेक्षा दबा धरून बसण्यावर भर वाढला. अमुक वाटेने दोन-तीन दिवसांत काही माणसं तांदूळ न्यायला येणार अशी खबर मिळे. मग आठ-दहा जण त्या वाटेच्या कडेला झोपून राहत. कधी एक रात्र, कधी आठवडाभर. खोकायचं नाही, डास मारायचा नाही. बहुतेक वेळा कोणी येतच नसे. अनेक सैनिकांनी शेकडो तास गस्त घातली आणि एकही गनीम पाहिला नाही. ही गोष्ट सिनेमात कधी दाखवत नाहीत!

आणि हे सैनिक कोण होते? ब्रिटनमध्ये तेव्हा सक्तीची सैनिकी सेवा होती, त्यामुळे त्यांतले कितीतरी अठरा-एकोणीस वर्षांचे पोरगे होते. तुकडीचा म्होरक्या त्यांच्याहून दोन-चार वर्षांनी मोठा. पंधरा पावलांवर झुडूप हललं. तो गनीम आहे की रबराचा चीक गोळा करणारा मजूर? ठरवायला दोन सेकंद. लहान तुकडीच्या लढाईत सगळ्यात मोठा निर्णय सगळ्यात खालच्या हुद्द्याच्या माणसाकडे येतो. मोठे साहेब तिथे नसतातच.

तो निर्णय किती भयंकर चुकू शकतो याचं उदाहरणही मलायातच आहे. १२ डिसेंबर १९४८ रोजी सेलांगोर राज्यात बातांग काली गावाजवळच्या मळ्यावर स्कॉट्स गार्ड्सच्या गस्ती तुकडीने २४ नि:शस्त्र गावकऱ्यांना ठार मारलं. 'पळून जात होते' असं तेव्हा सांगितलं गेलं. मृतांच्या नातेवाइकांनी चौकशीची मागणी लावून धरली. ती थेट ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि २०१५ मध्ये फेटाळली गेली. मोठ्या मुलांना मलाया शिकवताना हे वगळू नये असं माझं स्पष्ट मत आहे. लहान तुकडी चपळ असते हे खरं. तिच्यावर त्या क्षणी कोणाचीही नजर नसते, हेही तितकंच खरं.

वाट वाचणारे लोक

तुकडीत बरेचदा एक माणूस असे ज्याला इंग्रजी येत नसे आणि कवायतही धड येत नसे, पण त्याच्याशिवाय तुकडीचं पान हलत नसे. हे होते बोर्निओ बेटावरच्या सारावाकमधले इबान आदिवासी. चुरगळलेलं पान, ठशात साचलेलं पाणी, तुटलेल्या काडीचा रंग यांवरून किती जण गेले, कधी गेले, ओझं होतं का, हे ते सांगत. सुरुवातीला त्यांना नुसते मागकाढे म्हणून आणलं. १९५३ मध्ये त्यांची 'सारावाक रेंजर्स' ही वेगळी फौजच केली गेली.

गुरखेही मोठ्या संख्येने होते. १९४७ मध्ये भारत स्वतंत्र झाला तेव्हा गुरखा रेजिमेंटांची वाटणी झाली. सहा भारताकडे राहिल्या, चार ब्रिटनकडे गेल्या. त्या चार रेजिमेंटांच्या पलटणी थेट मलायात जाऊन पोहोचल्या. काही काळापूर्वीच एकाच सैन्यात असलेले भाऊबंद आता दोन देशांच्या झेंड्यांखाली होते.

या सगळ्यांकडून मिळालेलं ज्ञान नुसतं डोक्यात राहिलं असतं तर पलटण बदलली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न! म्हणून जोहोर राज्यात जंगलयुद्धाची शाळा निघाली. नव्याने येणाऱ्या पलटणीतली काही माणसं आधी तिथे शिकायची आणि मग आपल्या पलटणीला शिकवायची. १९५२ मध्ये एक पुस्तिकाही निघाली. खिशात मावेल अशी. गस्त, दबा, मुक्काम, शिधा, माग काढणं, सगळं थोडक्यात आणि कामापुरतं. पुढे तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. आपल्या प्रशिक्षणांत मिळणारी जाडजूड घटकसंच पुस्तकं आठवली आणि हसू आलं. ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांच्याकडून गोळा करायचं, छोटं ठेवायचं आणि चुकलं की बदलायचं. कल्पना साधीच आहे.

तांदळाचा प्रश्न

पण नुसत्या गस्तीने हे युद्ध संपलं असं मुलांना सांगू नका. इथे एक प्रश्न विचारा : जंगलात हजारो माणसं राहतात, तर ती खातात काय?

जंगलाच्या कडेला सुमारे पाच लाख चिनी शेतकरी झोपड्या बांधून राहत होते. जमिनीचा कागद नाही, सरकारशी संबंध नाही. त्यांच्यातूनच गनिमांना तांदूळ, औषधं, पैसे आणि बातम्या मिळत. काही जण मनापासून देत, काही भीतीने. या पाठीराख्यांच्या जाळ्याला 'मिन युएन' म्हणत. १९५० मध्ये जनरल ब्रिग्ज यांनी योजना आखली की या सगळ्यांना उचलून नव्या गावांमध्ये बसवायचं. काटेरी तारेचं कुंपण, दिवे, पहारा, रात्रीची संचारबंदी. बऱ्याच गावांत पुढे शाळा, दवाखाना आणि पाणीही आलं. पण लोक स्वखुशीने गेले नव्हते. पहाटे सैन्य येऊन गावाला वेढा घाली, सामान ट्रकमध्ये भरायला लावी आणि मागे झोपड्या जाळल्या जात. 'नवं गाव' हे नाव ऐकायला गोड आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

मग अन्नाची नाकाबंदी झाली. तांदूळ मोजून मिळे. काही ठिकाणी गावाचा भात एकत्रच शिजवून वाटत, कारण शिजलेला भात त्या हवेत लगेच आंबतो, साठवून जंगलात पाठवता येत नाही. दुकानदाराने डबाबंद अन्न विकताना डब्याला भोक पाडून द्यायचं, म्हणजे तेही टिकणार नाही. गनिमांना आता अन्नासाठी कुंपणाजवळ यावंच लागे आणि तिथेच वाटेवर ते दहा जण झोपलेले असत. लहान तुकडीला यश यायला लागलं ते इथून. अख्ख्या जंगलात शोधायचं काम आता दोन-तीन वाटांवर येऊन थांबलं होतं.

तरी १९५१ चं वर्ष फार वाईट गेलं. ६ ऑक्टोबरला उच्चायुक्त सर हेन्री गर्नी डोंगरावरच्या फ्रेझर्स हिलकडे मोटारीने जाताना दबा धरून बसलेल्या गनिमांनी त्यांना ठार केलं. म्हणजे दबा धरण्यात गनीमही कमी नव्हते. पुढच्या वर्षी जनरल टेम्प्लर आले. 'लोकांची मनं जिंकणं' हा शब्दप्रयोग त्यांच्या नावाशी जोडला जातो. पण तांजोंग मालिम या गावाजवळ बारा जण मारले गेल्यावर याच टेम्प्लरनी अख्ख्या गावावर दिवसाला २२ तासांची संचारबंदी लादली आणि तांदूळ कमी केला. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत.

गनीम शरण यावेत म्हणून बक्षिसं, विमानातून पत्रकं, ध्वनिक्षेपकावरून हाका असं सगळं चाललं. शरण आलेल्यांपैकी काही जण सैन्याला घेऊन आपल्याच जुन्या तळावर गेले. चिनी लोकांना नागरिकत्वाची दारं हळूहळू उघडली. आणि ३१ ऑगस्ट १९५७ ला मलाया स्वतंत्र झाला. ब्रिटिशांना हाकलण्यासाठी लढतोय असं सांगणाऱ्यांचं मुख्य कारणच उरलं नाही. ३१ जुलै १९६० ला आणीबाणी अधिकृतपणे संपली. सुमारे ६,७०० गनीम, १,८०० हून अधिक सैनिक-पोलीस आणि जवळपास २,५०० सामान्य नागरिक यात मेले.

दुसरीकडे तेच केलं तर?

मलायाची नक्कल पुष्कळ झाली. दक्षिण व्हिएतनाममध्ये १९६२ पासून अशीच कुंपणाची गावं उभारली गेली आणि ती योजना कोसळली. मलायात गनिमांना बाहेरून शस्त्रं मिळत नव्हती आणि ते बहुतेक एकाच समाजातले होते. व्हिएतनामात तसं नव्हतं.

आपल्या देशातही याचे पडसाद आहेत. मिझोराममध्ये १९६६ ला बंड झालं. १९६७ पासून तिथली खेडी उठवून रस्त्यालगतच्या मोठ्या वस्त्यांमध्ये बसवली गेली. शेती तुटली, गावं मोडली. त्याची कटू आठवण तिथे अजून आहे. शांतता मात्र १९८६ च्या करारानेच आली. मिझोराममधल्या वैरेंगते इथे आपल्या सैन्याची जंगलयुद्धाची शाळा आहे. गनिमाशी गनिमासारखं लढा, हे तिचं ब्रीद. परदेशांतले सैनिकही तिथे शिकायला येतात.

आणि आपल्या गडचिरोलीत १९९० मध्ये पोलिसांचं सी-६० पथक निघालं. सुरुवातीला साठ जवान, म्हणून नाव सी-६०. त्याच भागातली, गोंडी-माडिया बोलणारी, जंगल जाणणारी मुलं त्यात घेतली. इबानांची आठवण येतेच. जंगलात गाडीपेक्षा पायी चालणं का बरं, तेही तिथे फार मोठी किंमत देऊन कळलेलं आहे. १ मे २०१९ ला, ऐन महाराष्ट्र दिनी, जांभूळखेडाजवळ भूसुरुंगाने पोलिसांचं वाहन उडवलं आणि १५ पोलीस व चालक गेले. गडचिरोलीतल्या शिक्षकांनी हा पाठ घेताना वर्गात कोणाच्या घरचं कोण कुठल्या बाजूला होतं याचं भान ठेवावं. ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

वर्गात काय घ्यावं?

तिसरी-चौथीला बंदुकीचं काही नको. दहा मुलांची रांग करा. मैदानावर वाळलेला पाला पसरा. न बोलता, फक्त हाताच्या खुणांवर पलीकडे जायचं, बाकीच्यांनी डोळे मिटून ऐकायचं. मग तेच चाळीस मुलांना एकदम करायला सांगा. आवाजातला फरक त्यांचा त्यांनाच कळतो, वेगळं समजवावं लागत नाही. सातवी-आठवीला तांदळाचा प्रश्न द्या आणि दोन गट करा : एक गट कुंपणातलं कुटुंब, दुसरा गट कुंपण घालणारे अधिकारी. नियम कोणते, ते का, त्यांचा त्रास कोणाला, हे दोघांनी एकमेकांना सांगायचं. आमच्याकडे 'डब्याला भोक' या नियमावरच अर्धा तास गेला. एका मुलीने विचारलं, घरात बाळ असेल तर दुधाच्या डब्याचं काय?

मुलं शेवटी त्या चिन पेंगचं काय झालं ते विचारतात. तो थायलंडच्या सीमेवर गेला. १९८९ मध्ये हात याई इथे शांतता करार झाला आणि उरलेल्या गनिमांनी शस्त्रं खाली ठेवली. त्याला स्वतःला मलेशियात परत यायचं होतं, त्यासाठी तो कोर्टातही गेला, पण परवानगी मिळाली नाही. २०१३ मध्ये बँकॉकमध्ये तो वारला.